कौलावरचा रेडिओ सारखा रीस्टार्ट होतोय? व्होल्टेज खाली नको, वर मोजा

कौलावरचा रेडिओ म्हणजे लांबून येणारं वायरलेस नेट पकडणारं यंत्र; घरातला अडॅप्टर त्याला केबलमधूनच वीज देतो. त्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: ‘दादा, नेट येतं-जातं.’ राउटरचे दिवे हिरवे, अडॅप्टरचा दिवा पेटलेला, घरात लाइट आहे, तरी दर थोड्या वेळाने दोन मिनिटं सगळं ठप्प. अडॅप्टर बदलला, चार दिवस बरं चाललं, परत तेच. गुहागर, दापोली, मालवण, किनाऱ्यालगतच्या कुठल्याही वाडीत वायरलेस नेट देणाऱ्याला हे दुखणं पाठ आहे. पावसाळ्यात ते वाढतं, म्हणून दोष पावसावर जातो. पावसाचा हात त्यात असतोच, पण लोक समजतात तिथे नाही.

आधी एवढं बघा, खरंच पॉवरचं दुखणं आहे का. रेडिओत लॉगिन करून अपटाइम, म्हणजे तो न थांबता किती वेळ चालू आहे, ते वाचा. अपटाइम आठ-दहा दिवसांचा असेल आणि तरी लिंक तुटत असेल, तर रेडिओला वीज नीट मिळते आहे. मग सिग्नल बघा, मधे वाढलेला माड किंवा आंबा बघा. पाच गिगाहर्ट्‌झवर नुसता पाऊस एक-दोन किलोमीटरच्या लिंकचं फारसं काही बिघडवत नाही, ओली पानं मात्र बिघडवतात. पण अपटाइम चार मिनिटं, परत बघितलं तर दोन मिनिटं, असं असेल तर रेडिओ मरतोय आणि जिवंत होतोय. मायक्रोटिकसारख्या काही कंपन्यांच्या रेडिओंच्या लॉगमध्ये ‘नीट बंद न होता रीबूट झाला’ अशा अर्थाची ओळही सापडते.

घरबसल्या आणखी एक चाचणी होते. रेडिओची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे प्रसारणाचा जोर, चार-सहा डीबीने (डेसिबलने) कमी करा. सिग्नलला तेवढी गुंजाइश असेल तर लिंक टिकेल आणि रेडिओ थोडी कमी वीज खाईल. तेवढ्यानं रीबूट थांबले, तर वर जाण्याआधीच निदान झालं. या अवस्थेत फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर) अपग्रेड मात्र चुकूनही करू नका. अर्ध्यात वीज गेली तर दुरुस्त होणारा रेडिओ कायमचा गप्प होतो.

वेळ विचारा

फोनवर ‘कधी जातं?’ हे नीट विचारलं तर अर्धं काम होतं. पहाटे जातं आणि नऊ-दहाला आपोआप येतं, म्हणजे कनेक्टरमध्ये किंवा सांध्यात दमट मीठ आहे. रात्रीच्या दवानं ते ओलं होतं, उन्हानं वाळतं. तुम्ही अकरा वाजता पोचता तेव्हा सगळं ठणठणीत, आणि घरचे तुमच्याकडे संशयाने बघतात. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी जातं, तर पत्र्याखाली ठेवलेला अडॅप्टर तापतोय. त्यातच तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरची केबल उन्हात ६० वर गेली की १५-१६ टक्क्यांची भर. संध्याकाळी सात ते दहा जातं, तर रेडिओवर ट्रॅफिक जास्त, प्रसारण जास्त, वीज जास्त. गणपतीत हे हमखास दिसतं. घर चाकरमान्यांनी भरलेलं, प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ, आणि वर्षभर कसाबसा तग धरलेली केबल नेमकी तेव्हा हात टेकते. पण जवळजवळ सगळे म्हणतात, ‘आमच्याकडे संध्याकाळी लाइट लो असते ना, त्यामुळे.’

लाइट लो असते हे खरं आहे. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत २३० चे १७० झालेले मीटरवर दिसतात. पण अडॅप्टरच्या पाठीवर वाचा, बहुतेकांवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. १७० वर चांगला अडॅप्टर २४ चे २४ व्होल्टच देतो. म्हणून यासाठी स्टॅबिलायझर घ्यायला लावू नका, तो पैसा केबलवर घाला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणाला जर रेडिओ पडत असेल, तर मात्र अडॅप्टरकडे बघावं लागतं. आतला कपॅसिटर सुकला की ती क्षणभराची फट भरून निघत नाही.

अडॅप्टरवर २४, मग अडचण कुठे?

मल्टिमीटर काढला, अडॅप्टरच्या पीओई पोर्टला (डेटाच्या केबलमधूनच वीज वर पाठवणाऱ्या) लावला, २४.१ आले. वर जाऊन मोकळ्या कनेक्टरवर मोजलं, तिथेही २४ आले. निष्कर्ष: वीज ठीक, रेडिओ खराब. या निष्कर्षावर कितीतरी चांगले रेडिओ भंगारात गेले आहेत.

मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. करंट वाहत नसेल तर वायरमध्ये व्होल्टेज पडत नाही. कनेक्टरमध्ये १० ओहमचा गंज बसलेला असला तरी मोकळ्या टोकाला २४ च दिसणार. केबल टेस्टरचंही तेच. आठही दिवे ओळीने पेटतात, कारण त्याला नखाएवढा करंट पुरतो. टेस्टर वायर जोडलेली आहे एवढंच सांगतो. ती अर्धा अँपिअर वाहून नेईल का, हे सांगत नाही. शिवाय १०० एमबीपीएसच्या लिंकवर डेटा १-२ आणि ३-६ या पिनांवरून जातो, आणि साध्या २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईची (समोर काय आहे ते न तपासता वीज सोडणाऱ्या) वीज ४-५ आणि ७-८ वरून. म्हणजे डेटाच्या वायरी चकाचक, लिंकचा दिवा पेटलेला, आणि विजेच्या वायरी सडलेल्या, असं सुखेनैव चालू शकतं.

आता थोडा हिशेब, कारण सगळी गोम त्यात आहे. रेडिओला ८ वॅट लागतात असं धरू. रेडिओच्या आतला रेग्युलेटर वॅट सांभाळतो. व्होल्टेज कमी पोचलं तर तेवढेच वॅट मिळवायला तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की वायरमध्ये आणखी व्होल्टेज पडतं, मग तो आणखी ओढतो. चांगल्या तांब्याच्या २४ गेज केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स, दोन जोड्यांवर वीज असताना, १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. त्यावरून २४ व्होल्ट सोडले तर रेडिओपाशी २०.८ पोचतात. तीच लांबी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या, म्हणजे सीसीए केबलची असेल तर रेझिस्टन्स १३ ओहमच्या आसपास जातो आणि वर पोचतात १८.३. अजून रेडिओ चालतोय. कनेक्टरच्या गंजाने त्यात ३ ओहम घातले की १६ व्होल्ट. अजूनही चालतोय, कुणाची तक्रार नाही. आणखी २ ओहम, एकूण १८, की वर राहतात फक्त १२ व्होल्ट. आणि इथे कडा संपतो. १८ च्या पुढे अर्ध्या ओहमनेही गेलात तर ८ वॅट पोचवणं शक्यच नसतं, व्होल्टेज कोसळतं, रेडिओ मरतो. मेल्यावर करंट थांबतो, व्होल्टेज परत २४ होतं, रेडिओ बूट होतो, लिंक जोडायला जोरात प्रसारण करतो आणि परत मरतो.

म्हणून हे दुखणं हळूहळू वाढताना दिसत नाही. दोन वर्षं काही नाही आणि एका दमट पहाटे एकदम सगळं. डेटाशीटवर ‘१० व्होल्टवरही चालतो’ लिहिलेलं असलं तरी त्याचा इथे उपयोग नाही, कारण रेडिओ तिथवर पोचायच्या आधीच कड्यावरून खाली गेलेला असतो.

कुणी म्हणेल, आमच्याकडे १०० मीटर कुठे, पडवीपासून कौलापर्यंत ३० मीटर. बरोबर. तांब्याची ३० मीटर केबल अडीच ओहमची, सीसीए असेल तर चारची. उरलेले १४ ओहम गंज सहज भरून काढतो. त्यात अडॅप्टर म्हातारा होऊन लोडवर, म्हणजे करंट ओढला जात असताना, २० व्होल्टच देत असेल तर कडा १८ वरून १२.५ ओहमवर येतो. ८ ऐवजी १२ वॅट खाणारा सेक्टर रेडिओ (अनेक घरांना नेट देणारा) असेल, तर पूर्ण २४ व्होल्ट असूनही १२ ओहमवरच खेळ संपतो. म्हणून अडॅप्टर बदलला की चार दिवस बरं वाटतं. नव्या अडॅप्टरने कडा जरा लांब नेलेला असतो, गंज तिथेच असतो.

लोड लावून मोजा

रेडिओ स्वतःच इनपुट व्होल्टेज दाखवत असेल तर सगळ्यात सोपं. मायक्रोटिकच्या बऱ्याच बोर्डांवर सिस्टीमच्या हेल्थमध्ये आकडा मिळतो, आणि तो चालू रेडिओच्या टोकाचा असतो, म्हणजे नेमका हवा तो. एकदा साधं पेज उघडून वाचा, मग स्पीड टेस्ट चालू ठेवून वाचा. खाली २४ असताना वर २१-२२ असतील आणि टेस्टमध्ये अर्धा व्होल्ट पडत असेल तर सोडून द्या. १७ दिसले आणि टेस्टमध्ये दोन-तीन व्होल्टचे हेलकावे आले, तर कडा जवळ आहे.

रेडिओ आकडा दाखवत नसेल तर मोटार स्पेअरच्या दुकानातून ट्रकच्या पार्किंग लाइटचे २४ व्होल्टचे दोन ५ वॅटचे बल्ब आणा. हे बल्ब महामार्गालगतच्या कुठल्याही गावात मिळतात, किंमत नगण्य. दोन्ही समांतर जोडले की १० वॅट, म्हणजे ०.४ अँपिअर, साधारण रेडिओएवढाच भार. हातभर केबलच्या तुकड्याला एका बाजूला कनेक्टर मारा, दुसऱ्या बाजूला निळी जोडी एका टोकाला आणि तपकिरी जोडी दुसऱ्या टोकाला घेऊन बल्ब जोडा. आधी हा जुगाड खाली थेट अडॅप्टरला लावा आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज मोजा. २३.५ च्या वर राहिलं तर अडॅप्टर निर्दोष. २१-२० वर आलं तर अडॅप्टर बाद, पण शोध तिथे थांबवू नका. मग रेडिओ काढून केबलच्या वरच्या टोकाला तेच बल्ब जोडा. तीस-चाळीस मीटरच्या चांगल्या केबलवर एक-दीड व्होल्ट जातो. चार-पाच गेले तर वाटेत चोर आहे. गेलेले व्होल्ट भागिले ०.४ केले की त्याचे ओहमही कळतात.

हे फक्त पॅसिव्ह पीओईवर चालतं. मानक पीओई स्विचला बल्ब लावला तर तो पेटणारच नाही. असा स्विच वीज सोडण्याआधी समोर ओळखीचा २५ किलो-ओहमचा रेझिस्टन्स आहे का ते तपासतो.

आणि शेवाळलेल्या कौलावर भर पावसात चढू नका. नेट उद्यापर्यंत थांबू शकतं.

कनेक्टर काढून उजेडात धरा

वर गेलातच तर रेडिओतून आरजे-४५, म्हणजे केबलच्या टोकाचा आठ पिनांचा कनेक्टर, काढा आणि पिना तुमच्याकडे करून उजेडात धरा. किनाऱ्यावरच्या दोन-तीन वर्षं जुन्या कनेक्टरमध्ये बहुतेकदा एक ठरावीक चित्र दिसतं: १, २, ३, ६ पिवळसर सोनेरी, ७ आणि ८ बऱ्यापैकी, आणि मधल्या ४ आणि ५ काळ्या पडलेल्या, बुडाशी हिरवट भुकटी. हे नुसतं खाऱ्या हवेचं काम असतं तर सगळ्या पिना सारख्याच गंजल्या असत्या. ४-५ वर प्लस असतो. मीठ, ओल आणि डीसी व्होल्टेज एकत्र आले की प्लसकडचा धातू विरघळून जातो. मुलामा आधी जातो, मग खालचं तांबं. रेडिओच्या सॉकेटमध्येही त्याच दोन पिना बघा. तिथे काळं असेल तर नुसता कनेक्टर बदलून भागत नाही, कारण नवा कनेक्टर आठवडाभरात जुन्याच घाणीत बसलेला असतो. सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, मऊ ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या. फार खाल्लेलं असेल तर सॉकेट बदलून घ्यावा लागतो.

नवा कनेक्टर मारताना केबलचं एक वीत टोक कापून टाका. आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत कापायचं. ते काळपट असेल तर पाणी केबलच्या आतून चढलेलं किंवा उतरलेलं आहे. कापत जाऊनही काळंच निघत असेल तर केबल टाकून द्या. जेली भरलेली केबल असेल तर क्रिम्प करण्याआधी, म्हणजे कनेक्टर दाबून बसवण्याआधी, जेली पुसा. क्रिम्प झाल्यावर पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या. खाऱ्या हवेत याच्याइतका स्वस्त इलाज दुसरा नाही, आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच. केबल रेडिओत खालून शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली झोक हवा, म्हणजे पाणी झोकाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळेल. हा झोक भिंतीतून घरात येतानाही हवा. नाहीतर पाणी केबलच्या अंगाने सरळ पडवीतल्या अडॅप्टरमध्ये उतरतं.

सांधे हा वेगळाच राग आणणारा विषय. फांदी पडून तुटलेली, वानरांनी झोके घेऊन तोडलेली केबल पीळ मारून काळ्या टेपने गुंडाळलेली असते. ती टेप पाणी बाहेर ठेवत नाही, आत धरून ठेवते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे जे मिळेल त्याने नेट जोडून द्यावं लागलं, ते समजण्यासारखं होतं. पण तसले सांधे वर्षानुवर्षं तसेच लटकत ठेवणं समजण्यासारखं नाही. बाहेर सांधा नकोच, अखंड केबल ओढा. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा) लावलेला असेल तर तोही तपासा. विजांच्या दिवसांत तो हवाच, पण त्याच्याबरोबर वाटेत आणखी दोन कनेक्टर येतात. तो तात्पुरता वगळून बल्बने मोजलं की त्याचा दोष लगेच उघडा पडतो.

केबल घेताना

पांढऱ्या-करड्या रंगाची घरातली केबल कोकणातल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत भेगाळते. बाहेरची, काळ्या पॉलिथिलीनच्या आवरणाची घ्या. खोक्यावर ‘कॅट सिक्स’ छापलेलं असलं म्हणजे आत तांबं आहे असं नाही. दुकानातच एक वायर सोलून ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग निघाला तर ती सीसीए. तशी वायर दोन-चार वेळा वाकवली की तुटतेही. दुकानदार म्हणेल, ‘सगळे हीच नेतात.’ सीसीटीव्हीवाले नेत असतील. पीओईसाठी ती नको, आणि खाऱ्या हवेत तर अजिबात नको, कारण मुलामा जिथे कापला जातो तिथे ॲल्युमिनियम भराभर खाल्लं जातं.

केबल बदलणं शक्यच नसेल, वाट लांब असेल, तर व्होल्टेज वाढवणं हा खरा उपाय आहे. तेच १८ ओहम आणि तेच ८ वॅट, पण ४८ व्होल्ट सोडले तर वर ४४.८ पोचतात, आणि कडा ७२ ओहमपर्यंत लांब जातो. पण रेडिओच्या पाठीवर किंवा डेटाशीटमध्ये इनपुटची मर्यादा स्वतः वाचल्याशिवाय हे करू नका. फक्त २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ लावले तर पुढच्या मोजमापाचा प्रश्नच उरत नाही. उलट्या बाजूचा घोळही नेहमीचा: अडॅप्टर जळला म्हणून राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पीओई इंजेक्टरला (केबलमध्ये वीज घालणाऱ्या डबीला) जोडून दिलेला. १२ व्होल्टला ८ वॅटचा कडा ४.५ ओहमवर आहे, म्हणजे निर्दोष तांब्याच्या केबलवरही पन्नास मीटरच्या आसपास सगळं संपतं.

सड्यावरच्या सोलर रिलेला (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या, सौर विजेवरच्या रेडिओंना) हाच हिशेब जास्त कडक लागू होतो. जुलैत चार-चार दिवस ऊन दिसत नाही. दोन रेडिओ मिळून १६ वॅट धरले तर चोवीस तासांत जवळजवळ ४०० वॅट-तास जातात, आणि १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची असते, म्हणजे ६०० वॅट-तास, दीड दिवस. तिथे बॅटरीचं व्होल्टेज पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, रेडिओ चालू असताना मोजा. दुपारी मोजलेला आकडा फसवतो. चार्ज कंट्रोलर लो व्होल्टेजला लोड तोडतो, लोड सुटताच बॅटरी वर उसळते, कंट्रोलर परत जोडतो, आणि खाली बसलेल्यांना वाटतं रेडिओ रीबूट होतोय. तोडण्याच्या आणि जोडण्याच्या व्होल्टेजमध्ये भरपूर अंतर ठेवा. ११.२ ला तोडलं तर १२.६ च्या आत जोडू देऊ नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड घासून पेट्रोलियम जेली लावा. १२ व्होल्टवर तिथला पाव ओहमही परवडत नाही.

एवढं करूनही रेडिओ पडत असेल, तर तो खाली उतरवून टेबलावर आणा. एक मीटरची नवी केबल आणि निर्दोष ठरलेला अडॅप्टर लावा, आणि दोन तास मोठी फाइल चालू ठेवा. इथेही रीबूट झाला तर आतला कपॅसिटर किंवा रेग्युलेटर गेला आहे, आणि दुरुस्तीवाल्याला तेवढंच सांगायचं: छोट्या केबलवर, लोडवर पडतो. इथे नीट चालला तर तो परत वर चढवण्याआधी केबल पुन्हा बल्बने मोजा, दोष अजून तिथेच आहे.